गेरू, नीळ आणि फुटकं मडकं

रुम्माना हुसेन हे नाव आपल्यातल्या फार थोड्यांनी ऐकलं असेल. मकबूल फिदा हुसेन सगळ्यांना माहीत आहेत. ते पंढरपूरचे म्हणून आपण त्यांच्यावर हक्कही सांगतो. रुम्माना त्यांच्या नात्यातल्या नव्हेत, फक्त आडनाव सारखं. १९५२ साली बंगळुरूत जन्मलेली, इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेतलेली, मुंबईत राहिलेली आणि १९९९ मध्ये, पन्नाशी गाठायच्या आत, कर्करोगाने गेलेली ही चित्रकार. मराठीत तिच्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही. मुस्लिम मराठी साहित्याच्या चर्चांतही मी तिचं नाव कधी ऐकलं नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तिची कामं मी समोर उभं राहून पाहिलेली नाहीत, छायाचित्रांतून पाहिली आहेत. राजूरहून कुठलीही मोठी आर्ट गॅलरी लांबच. तरीही ही कामं पाहताना मला परकेपणा वाटला नाही, कारण ती ज्या वस्तूंची बनली आहेत त्या आपल्या घरातल्या आहेत.

चित्रकलेत 'मिश्र माध्यम' म्हणजे मिक्स्ड मीडिया असा एक प्रकार आहे. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. कॅनव्हास आणि रंग एवढ्यावर न थांबता कापड, कागद, लाकूड, लोखंड, माती, फोटो, जे लागेल ते चित्रात आणायचं. युरोपात १९१२ च्या सुमारास पिकासो आणि ब्राक यांनी चित्रावर कागद आणि छापील मेणकापड चिकटवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत कुर्ट श्विटर्स नावाच्या माणसाने ट्रामची तिकिटं, वेष्टणं, लाकडाचे तुकडे असा रस्त्यावरचा कचरा गोळा करून चित्रं केली. देश मोडून पडला होता, तेव्हा त्याने मोडक्यातूनच काम केलं. माध्यम बदलण्यामागे पुष्कळदा असं कारण असतं. जुन्या साधनांनी सांगता येईल असं जग उरलेलं नसतं.

रुम्मानाच्या बाबतीत ते कारण तारखेनिशी सांगता येतं. ६ डिसेंबर १९९२.

त्याआधी ती कॅनव्हासवर तैलरंगात माणसांची चित्रं काढायची. सफदर हाश्मी यांच्या खुनानंतर १९८९ मध्ये 'सहमत' ही कलावंतांची संस्था उभी राहिली, तिच्या कामात ती होती. म्हणजे राजकारण तिला नवं नव्हतं. पण बाबरी मशीद पडली, पाठोपाठ डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. त्या दिवसांत मुंबईत कितीतरी मुसलमान घरांनी दारावरच्या नावाच्या पाट्या काढून ठेवल्या होत्या. झोपडपट्टीतल्यांनी काढल्या, तशा उंच इमारतींतल्यांनीही काढल्या. पैसा, शिक्षण, इंग्रजी, यातलं काहीच त्या पाटीच्या आड उभं राहू शकलं नाही. सुखवस्तू, सुशिक्षित घरातल्या रुम्मानासारख्या बाईला तोवर कदाचित कुणी एवढ्या सरळ सांगितलं नसेल की तू आधी मुसलमान आहेस, बाकी सगळं नंतर.

त्यानंतर तिने तैलचित्रं बाजूला ठेवली. १९९४ मध्ये तिचं 'फ्रॅगमेंट्स/मल्टिपल्स' हे प्रदर्शन झालं. 'तुकडे आणि पटी' म्हणू या. त्यात चौकटीतली माणसं नव्हती. मातीची मडकी होती, फुटलेली, कापलेली. आरसे होते. गेरू होता, नीळ होती, झेरॉक्स केलेले कागद होते.

या यादीपाशी मी थांबले, कारण ही यादी कलादालनाची वाटतच नाही. ती आपल्या ओसरीची आणि न्हाणीची यादी आहे. गेरू म्हणजे भिंतीच्या खालच्या पट्ट्याला, चौथऱ्याला, तुळशीच्या ओट्याला आणि कुंडीला लावायचा तांबडा रंग. नीळ म्हणजे पांढरे कपडे आणखी पांढरे दिसावेत म्हणून शेवटच्या पाण्यात टाकायची पूड. नमाजाच्या टोप्या आणि पांढरे सदरे आमच्या घरी निळीच्या पाण्यातूनच निघायचे. शेजारच्या काकांची धोतरंही तशीच.

राजूरच्या माणसाला तर निळीचा आणखी एक उपयोग माहीत असतो. आमचं गाव चुन्याचं आणि कोळशाचं. भट्टीत चुनखडीचे दगड आणि कोळसा थरावर थर भरतात, दगड भाजून निघतो आणि कळीचा चुना तयार होतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, फुटतो, विरतो. भिंतीला सफेदी करताना त्यात चिमूटभर नीळ घालतात, नाहीतर पांढरा रंग पिवळट दिसतो. ईदच्या आधी आमच्या घरी, दिवाळीच्या आधी शेजारी, तीच बादली आणि तोच कुंचा. मशिदीची भिंत, देवळाची भिंत आणि कबरस्तानातली कबर, तिन्ही एकाच चुन्याने पांढऱ्या होतात. चुना कुणासाठी वेगळा भाजत नाहीत.

रुम्मानाने या वस्तू निवडल्या यातच तिचं म्हणणं आहे, असं मला वाटतं. त्या वेळी देशात एकच विचारणा चालली होती: हे कुणाचं, ते कुणाचं, आधी कोण होतं, नंतर कोण आलं. तिने अशा वस्तू पुढे ठेवल्या ज्यांना हा प्रश्न विचारताच येत नाही. मडकं कुंभाराच्या चाकावरून उतरतं तेव्हा ते कुणाच्या घरी जाणार हे त्याला ठाऊक नसतं. ते आमच्याकडे पाणी गार करतं, हिंदू घरात पाणी गार करतं आणि त्यांच्या अंत्यविधीत खांद्यावरून फुटतं. एक मातीचं भांडं किती घरांत राहून येतं!

आणि मडकं फुटलं की? अर्धं मडकं पालथं घाला, ते घुमटासारखं दिसतं. १९९३-९४ मध्ये या देशात कुणालाही फुटका घुमट पाहून काय आठवलं असतं हे सांगायला नको. पण ती मशीद काढत नाही. ती मडकं ठेवते. त्यामुळे पाहणाऱ्याला आपली बाजू घेऊन उभं राहायला जागा मिळत नाही. मडकं फुटल्याचं दुःख प्रत्येक घरात असतं. आरशासमोर अर्धं मडकं टेकवलं तर ते पूर्ण दिसतं. डोळ्यांना पूर्ण, हाताला अर्धंच. दंगलीनंतरच्या शांतता समित्यांची भाषणं मी ऐकली आहेत. 'सगळं पहिल्यासारखं झालं आहे' हे वाक्य त्यांत असतंच. मला ते आरशातलं मडकं वाटतं.

१९९५ साली मुंबईच्या एनसीपीए मध्ये तिने 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' नावाचं एक काम केलं. यात चित्र नव्हतं, ती स्वतःच होती. पायांत घुंगरू, हातांत मधोमध कापलेली पपई आणि तोंड उघडं, किंचाळताना उघडतं तसं, पण आवाज नाही. अशी ती लोकांमधून चालत राहिली.

इंग्रजी समीक्षक या पपईवर पानंच्या पानं लिहू शकतात. मी त्याचा फोटो आमच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्कर खालांना मोबाइलवर दाखवला. काही सांगितलं नाही, नुसता दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "इसका कुछ गया है, बेटा. बच्चा गया होगा."

पोटुशी बाईला पपई द्यायची नाही, हे आपल्याकडे कुठल्याही धर्माच्या बाईला शिकवावं लागत नाही. सासू सांगते, शेजारीण सांगते, बाजारातली भाजीवालीही सांगते. कापलेल्या पपईचा आकार, आतला लाल-केशरी गर आणि काळ्या बिया पाहून खालांना जे कळलं ते कळायला कलेची पदवी लागत नाही. दंगलीत बाईच्या शरीरावर काय काय होतं, हे त्या एका फळात आहे. आणि ते बोलायला तोंड उघडलं तरी आवाज निघत नाही, हेही आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो माझ्याही मनात आला होता. रुम्माना वरच्या वर्गातली होती. तिचं जग कुलाबा, काळा घोडा, दिल्लीच्या गॅलऱ्या. तिची बहुतेक कामं पाहणारेही तसेच. भट्टीवर चुना भरणाऱ्या, डोळ्यांत धूळ जाऊन रात्रभर चोळत बसणाऱ्या बाईचं दुःख तिला कुठून कळणार? ज्या बायकांची घरं जळली त्या कुठे प्रदर्शनाला आल्या होत्या?

आक्षेप खोटा नाही. पण तो पुरा लावला तर मग कुणीच कुणाविषयी बोलायचं नाही, असं होतं. मला एवढं दिसतं की रुम्मानाने गरीब बाईचं चित्र काढून ते विकलं नाही. डोळ्यांत पाणी, डोक्यावर पदर, मागे जळकं घर, असं चित्र काढणं सोपं होतं आणि ते विकलंही गेलं असतं. तिने त्या बाईचा चेहरा घेतला नाही. वस्तू घेतल्या आणि स्वतःचं शरीर घेतलं. दुसऱ्याच्या दुःखावर हात ठेवण्याआधी आपलं काय ठेवतो आहोत ते पाहिलं. १९९६ च्या 'होम/नेशन' या कामाच्या नावातच तिने घर आणि देश यांच्यामध्ये फक्त एक तिरकी रेघ ठेवली. पाटी काढलेल्या घरात राहिलेल्या कुणालाही ती रेघ समजते.

दुसरा आक्षेप आपल्या घरातून येतो. मुलांना हस्तकला घेऊन बसवलं की एखादे वालिद हमखास विचारतात, "मॅडम, तस्वीर तो नहीं बनवा रहे ना?" मी या प्रश्नावर हसत नाही. जिवंत प्राण्याचं चित्र काढावं की नाही यावर आपल्याकडे जुना वाद आहे आणि प्रामाणिक माणसं दोन्ही बाजूंना आहेत. पण त्या वादामुळे आपल्यात एक चुकीची समजूत पसरली आहे: मुसलमान आणि चित्रकला यांचं जमत नाही. ज्यांनी खत्ताती केली, म्हणजे अक्षर सुंदर लिहिण्याची कला टोकाला नेली, ज्यांनी मेहराब, जाळी आणि फरशीवर आकारांची शिस्त बांधली, त्यांच्या वारसांनी हे म्हणावं? रुम्मानाने ते सगळं वापरलं, कमान, घुमट, अक्षर, आणि त्याबरोबर आपला फोटो आणि आपलं शरीरही वापरलं. तिने फतवा मागितला नाही आणि वारसाही सोडला नाही.

यातलं अक्षर मला सगळ्यांत जवळचं. तिचं शेवटचं मोठं काम 'अ स्पेस फॉर हीलिंग', १९९९ सालचं. आता ते ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत आहे. तेव्हा तिचा आजार शेवटाला आला होता. हे काम म्हणजे एक खोली आहे. ती इस्पितळासारखी दिसते, मशिदीसारखी दिसते आणि दर्ग्यासारखीही. जमिनीवर स्ट्रेचर जानमाजांसारखी मांडली आहेत. प्लास्टिकच्या स्वस्त वस्तूंना सोनेरी रंग दिला आहे. आणि भिंतींवर गंजलेली लोखंडी अवजारं अशी लावली आहेत की लांबून ती उर्दू लिपीच्या ओळी वाटाव्यात.

मी उर्दू शिकवते. वाकलेलं लोखंड दिसलं की माझा डोळा आधी 'लाम' शोधतो, अर्धगोल दिसला की 'नून', आणि त्याच्या पोटातला ठिपका कुठे गेला म्हणून खोळंबतो. या भिंतीवरच्या ओळी मी फोटो मोठा करून करून वाचायचा प्रयत्न केला. त्या वाचता येत नाहीत. शब्द होत नाही. पहिलीच्या मुलांना जोडाक्षर शिकवताना मी सांगते की उर्दूत काही अक्षरं मागच्याला हात देतात, पुढच्याला देत नाहीत. अलिफ, दाल, रे, वाव. त्यांच्यापुढे शब्द तुटतो आणि नव्याने सुरू होतो. म्हणून तो शब्द मोडका ठरत नाही, तो तसाच लिहितात. त्या गंजलेल्या ओळी पाहताना मला हे आठवत राहिलं. लिपी तुटलेली आहे, पण ती लिपीच आहे. तिला कचरा म्हणून उचलून नेता येत नाही.

आपल्याकडे या लिपीचं काय होतं ते आपण पाहतो. ज्याला ती वाचता येत नाही त्यांतला एक तिला मान देतो, दुसरा तिच्याकडे संशयाने बघतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं, त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती उर्दू राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे हे स्पष्ट केलं. उर्दू याच मातीत जन्मली, हेही सांगितलं. एका पाटीसाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं, याचं वाईट वाटायचं की पाटी राहिली म्हणून बरं वाटायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही एकदम वाटतं.

रुम्मानाविषयी वाचून झाल्यावर मी वर्गात एक साधा तास घेतला. मुलांना सांगितलं, घरातली एक तुटकी वस्तू आणा, जी कुणी फेकून दिलेली नाही. का फेकली नाही ते विचारून या. दुसऱ्या दिवशी बांगड्यांचे तुकडे आले, कान गेलेला कप आला, पट्टा नसलेलं घड्याळ आलं. एका मुलाने त्याच्या नानांचा खाणीतला बिल्ला आणला, नंबर कोरलेला, कड दुमडलेली. का ठेवला विचारलं तर म्हणाला, "नाना म्हणतात, नाव कुणी विचारलं नाही, नंबर विचारत होते. म्हणून ठेवला." एका मुलीने जळालेल्या दाराची कडी आणली. ती मी विचारायच्या आत तिने दप्तरात परत ठेवली आणि मी विचारलं नाही.

आम्ही त्या वस्तू पुठ्ठ्यावर मांडल्या, बाजूने गेरूची चौकट काढली. चिकटवल्या नाहीत, कारण त्या परत घरी न्यायच्या होत्या. प्रत्येकीखाली मुलांनी एक ओळ लिहिली, कुणी मराठीत, कुणी उर्दूत. बरीच अक्षरं चुकली होती. मी ती तशीच राहू दिली, त्या दिवशी भाषेचा तास नव्हता.

आपल्याला, म्हणजे मराठी मुसलमानांना, कुणीतरी सतत शुद्ध व्हायला सांगत असतं. एकीकडून सांगतात, तुमची मराठी शुद्ध करा, तिच्यातून फारसी-अरबी काढा. काढा म्हणणाऱ्यांना 'वकील', 'जमीन', 'दप्तर', 'बाजार' हे शब्द काढून महिनाभर जगून दाखवायला सांगावं. दुसरीकडून सांगतात, तुमचा दीन शुद्ध करा, दर्ग्याची चादर, लग्नातली हळद, सगळं बाहेरचं काढा. दोघांनाही भेसळ दिसते. रुम्मानाची कामं पाहिल्यावर मला त्याच गोष्टीसाठी दुसरा शब्द मिळाला: मिश्र माध्यम. आपण ज्याचे बनलो आहोत ते मिसळलेलं आहे आणि ते मिसळलेलं राहूनच काही सांगू शकतं. मडक्यातून माती वेगळी आणि पाणी वेगळं काढून मडकं शुद्ध होत नाही, ते मडकं राहत नाही.

चुन्याविषयी एक गोष्ट राजूरच्या मुलांना मी विज्ञानाच्या शिक्षकांच्या आधी सांगते. भट्टीत भाजलेला, पाण्यात फुटलेला, विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत घेतो आणि पुन्हा दगड होतो. पहिल्यासारखा धोंडा होत नाही. पातळ थर होतो, भिंतीला धरून राहणारा. त्याला काही दिवस लागतात आणि मध्ये त्याला ऊन-पावसापासून जपावं लागतं. 'हीलिंग' या शब्दाला मी मराठीत काय म्हणू, याचा बरेच दिवस विचार करत होते. आमच्या गावात तरी मला हाच अर्थ सापडला.